पश्चिमेची खिडकी



विजेचे बिल हा विषय या सदरात आम्ही यापूर्वीही हाताळला आहे. पंखा झाला, फ्रिज झाला, गिझरवर तर दोन वेळा लिहून झाले. पण बिल वाढवणारी एक वस्तू आमच्याही ध्यानात आली नव्हती, कारण तिला वायर नसते आणि बटणही नसते. ती म्हणजे खिडकी. हे आम्हाला कोणा इंजिनियरने शिकवले नाही. आमच्या मावशीने शिकवले, आणि तेही भांडून.

मावशीचे वय सत्तरीच्या पुढचे. लग्न होऊन मुंबईत आली ती चाळीतल्या दहा बाय सोळाच्या खोलीत. काका गिरणीत होते, आता नाहीत. त्या एका खोलीत तिने चार मुले वाढवली, दोन दीर शिकवले. चाळ पाडून टॉवर झाला, आणि मावसभावाला चौदाव्या मजल्यावर तीनशे फुटांचे घर मिळाले. स्वतःचा संडास, स्वतःचे स्वयंपाकघर, लिफ्ट. गृहप्रवेशाला आम्ही सगळे होतो. हॉलची खिडकी पाहून जो तो थक्क व्हायचा. पाच फूट रुंद, चार फूट उंच, सगळी काच. लांबवर समुद्राची रेघ दिसायची. भाऊ बस चालवतो. आयुष्यभर लोकांना खिडकीची जागा देत आला. तो म्हणाला, "आता आईला खिडकीची सीट मिळाली."

हा गृहप्रवेश डिसेंबरात झाला. मार्चमध्ये मावशीचा फोन आला, "मला गावी सोडायला ये."

आम्हाला वाटले सुनेशी काही बिनसले असेल. गेलो तर मावशी घरात नव्हती. लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये चटई टाकून बसली होती. दुपारचे साडेतीन वाजलेले. म्हणाली, "घरात बसवत नाही रे. भट्टी आहे ती." वहिनी इस्पितळात परिचारिका आहेत, रात्रपाळी करून आलेल्या. त्यांनाही झोप नव्हती. नात बारावीची, तिचे टेबल त्याच खिडकीपाशी, पण अभ्यासाला ती खाली वाचनालयात जाते. भावाने हप्त्यावर एक टनाचा ए.सी. घेतला. तो दुपारी दोनला लावायचा, तेव्हा कुठे संध्याकाळी खोली निवायची. एप्रिलचे बिल आले तीनशे बारा युनिटांचे. चाळीत सत्तर-ऐंशी युनिटांच्या वर कधी गेले नव्हते.

आता तुम्हाला ठाऊक आहेच की, आपल्याकडे विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० त्याहून बऱ्याच चढ्या दराने, आणि ३००च्या पुढे आणखी चढा. भाऊ म्हणाला, "आई ए.सी. लावू देत नाही, आणि लावला नाही तर घरात थांबत नाही. मी करू तरी काय?" मावशीचे म्हणणे, "तुझ्या पगारातून हप्ता जातो, वर हे बिल. मी गेले म्हणजे मशीन बंद राहील." वहिनी गप्प. एवढ्या वर्षांनी मिळालेले घर, आणि त्यात ज्या माउलीसाठी खिडकी घेतली तीच बाहेर चटईवर. त्या दिवशी आम्हाला घरी परतताना फार वाईट वाटले.

पुढच्या रविवारी आम्ही मोजायची टेप आणि मुलांच्या शाळेतला जुना थर्मामीटर घेऊन गेलो. दोन वाजेपर्यंत सारे ठीक. अडीचला उन्हाचा पट्टा खिडकीच्या चौकटीवरून आत उतरला. चारला तो पलंगापर्यंत पोचला, साडेपाचला समोरच्या भिंतीवर चढला. खिडकीला वरून छज्जा नव्हता, बाजूला काही नव्हते, सपाट भिंतीत सपाट काच. आतून गडद तपकिरी रंगाचा जाड पडदा. पडद्याला हात लावून पाहिला तर तवा तापावा तसा.

इथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे. कंटाळू नका, कारण सारी मेख यातच आहे.

साधी स्वच्छ काच उन्हातली ऐंशी टक्क्यांहून अधिक उष्णता सरळ आत सोडते. ते ऊन पलंगावर, लादीवर, पडद्यावर पडते आणि त्या वस्तू तापतात. तापलेली वस्तूही उष्णता बाहेर टाकते, पण ती वेगळ्या जातीच्या किरणांनी, आणि ते किरण काचेतून आरपार जात नाहीत. म्हणजे आत यायला रस्ता मोकळा, बाहेर जायला बंद. थंड मुलुखात काचेच्या घरात भाजी पिकवतात ती याच युक्तीने. आपण चौदाव्या मजल्यावर मावशीला पिकवत होतो.

आता आकडा पाहा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर एका चौरस मीटरला ढोबळमानाने साडेपाचशे वॅट ऊन पडते. पाच बाय चारची खिडकी म्हणजे पावणेदोन चौरस मीटरांहून थोडी जास्त. काचेने अडवलेला भाग वजा करा, तरी आठशे वॅटच्या वर उष्णता खोलीत येते. आपली कपड्यांची इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात कोणी भर दुपारी खोलीच्या मध्यभागी इस्त्री चालू करून ठेवावी आणि वरून ए.सी. लावावा, तसे हे चालले होते. एक टनाचा ए.सी. साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो. त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या खिडकीने खाल्ला.

पडद्याचे काय? सगळ्यात मोठी चूक तिथेच होते, आणि आमच्या घरीही ती होतीच. आतला पडदा ऊन थांबवतो, उष्णता थांबवत नाही. ऊन काच ओलांडून आत आलेले असते. गडद पडदा ते पिऊन घेतो, तापतो आणि खोलीतच सोडतो. पाहुणा उंबरठा ओलांडून आत आल्यावर दार लावण्यासारखे आहे हे. पडदा पांढरा असेल तर निदान थोडे ऊन काचेतून परत बाहेर फेकले जाते. खरी सावली काचेच्या बाहेर हवी. काचेवर ऊन पडलेच नाही, तर तापायचा प्रश्नच नाही. आपल्या आज्या पडवीला बांबूच्या तट्ट्या लावायच्या, विदर्भात वाळ्याच्या ताट्या लावतात, त्या बाहेरच्या बाजूने, ते उगाच नव्हे. मावशीच्या चाळीतल्या खिडक्या आठवा. लाकडी झडपा, त्यांना तिरप्या पट्ट्या. झडप लावली तरी वारा येई, उजेड येई, ऊन तेवढे येत नसे. वर गॅलरीचे छप्पर. खोली लहान होती, माणसे जास्त होती, नळावर भांडणे होती, त्या दिवसांचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण ती खिडकी बांधणाऱ्याला ऊन कळत होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

छज्ज्याचेही एक गणित आहे. नात म्हणाली, "मग वरती छज्जा मारून घेऊ." त्याने दक्षिणेच्या खिडकीचे काम होते, पश्चिमेच्या नाही. मुंबईत १५ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मुलांना त्या दिवशी उभी काठी लावून दाखवा, मजा वाटेल. (पुन्हा २८ जुलैच्या सुमारास येतो, पण तेव्हा ढगच असतात. नागपूरला हाच दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो.) सूर्य इतका उंच असताना दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जाही पुरतो, आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरला की तेच ऊन हवेसे वाटते तेव्हा छज्ज्याखालून आत येते. पश्चिमेचा सूर्य मात्र उतरता असतो, तो छज्ज्याखालून सरळ घरात पाहतो. त्याला अडवायला उभ्या पट्ट्या हव्यात, बाहेरून सोडायचे पडदे हवेत, किंवा झाड हवे. चौदाव्या मजल्यावर झाड कुठले? आणखी एक गोष्ट आम्हाला नवीन होती. मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला नाही, तर वायव्येकडे सरकून मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही संध्याकाळी थोडे ऊन लागते. तरी खिडकीसाठी सगळ्यात निर्धोक दिशा उत्तरच. उजेड दिवसभर, ताप थोडा.

काचेच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने काळी काच काढली. "साहेब, ही लावा, ऊन येणार नाही." काळी काच उजेड अडवते हे खरे, पण अडवलेले ऊन तिच्याच अंगात शिरते, ती तापते आणि निम्मी-अधिक उष्णता आत-बाहेर वाटत बसते. शिवाय भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. म्हणजे ए.सी. वाचवायला जाऊन दिवा पेटला. यापेक्षा शहाणी काच आता मिळते. उन्हातली निम्म्याहून थोडी जास्त उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असते. काचेवर चांदीचा अतिशय पातळ थर चढवला की ते न दिसणारे किरण परतवता येतात आणि उजेड बराचसा आत येतो. तिला लो-ई काच म्हणतात. काम चांगले करते, पण महाग पडते. तो थर नाजूक असल्याने बहुधा दोन काचांच्या मधल्या बाजूला झाकलेला असतो.

दोन काचांच्या खिडकीचेही इथे सांगून टाकतो, कारण परदेशी असलेल्या मुलांकडे जाऊन आलेली मंडळी तिचे फार कौतुक करतात. तिथे बाहेर शून्याखाली दहा आणि आत वीस, असा तीस अंशांचा फरक असतो. आतली ऊब काचेतून झिरपून बाहेर जाऊ नये म्हणून दोन काचा आणि मधे कोंडलेली हवा. आपल्या मुंबईत बाहेर चौतीस, आत सव्वीस. फरक आठ अंशांचा. मावशीच्या खिडकीतून अशी झिरपून येणारी उष्णता ऐंशी-नव्वद वॅट भरते, आणि सरळ उन्हाने येणारी आठशेच्या वर. घोडे कुठे पेंड खाते ते कळले ना? आपल्याला जाड काच नको, सावली हवी. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर पंचेचाळीस असताना फरक दुपटीहून जास्त होतो, तिथे झिरपणेही मोजावे लागते. तरी पहिला मान उन्हालाच.

विदर्भातल्या वाचकांनी मात्र एक लक्षात ठेवावे, मुंबईचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. तिकडची हवा कोरडी. सकाळी नऊनंतर खिडक्या बंद, सूर्य मावळल्यावर सताड उघड्या, ही आपल्या आईची रीत अगदी बरोबर आहे. कूलर चालू असताना मात्र समोरची एखादी खिडकी चार बोटे उघडी हवीच. कूलर ओली हवा आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, गारवा जातो आणि मोटर तेवढीच वीज खात राहते. पुष्कळ घरांत गारवा पळेल म्हणून सारे बंद करतात आणि कूलर बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावतात.

मुंबई, कोकणात घाम वाळायला वारा लागतो, म्हणून खिडकी किती मोठी याहून ती किती उघडते हे महत्त्वाचे. मावशीची खिडकी वीस चौरस फुटांची, पण सरकती. एक काच दुसरीवर सरकते, म्हणजे उघडते निम्मीच, दहा फूट. जुनी दोन झडपांची खिडकी जवळजवळ सगळी उघडते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी एक नियमावली काढली, तिचे नाव इको निवास संहिता. तिच्यात दमट हवेच्या प्रदेशासाठी म्हटले आहे की घराच्या चटई क्षेत्राच्या एक-षष्ठांश इतकी जागा उघडणारी असावी. सरकती खिडकी त्यात निम्मीच धरतात. तीनशे फुटांच्या घराला हा हिशेब पन्नास फुटांचा होतो. मावशीच्या घरात आम्ही सगळ्या खिडक्या मिळून मोजल्या, वीससुद्धा भरल्या नाहीत. ही संहिता राज्याने आपल्या बांधकाम नियमांत घेतली तरच सक्तीची होते, म्हणून बिल्डरकडे बोट दाखवून उपयोग नव्हता. पण आकडा हाती असला की सभेत बोलता येते.

हा केवळ बिलाचा मामला नाही, हेही सांगायला हवे. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ साली पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. आणि अशा घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक दिसले. म्हणजे चौदाव्या मजल्यावर ऊन जास्त म्हणून रडायचे आणि दुसऱ्या मजल्यावर उजेड नाही म्हणून दिवसभर दिवे जाळायचे. दोन्हीकडे वीज जाते, आणि दोन्हीकडे दोष खिडकीच्या आखणीचा. आपली बहुसंख्य माणसे आता अशाच घरांत जात आहेत.

तर मावशीकडे आम्ही काय केले? बाहेरून चटई सोडायचा विचार सोसायटीने लगेच मोडून काढला. एवढ्या उंचीवरून वाऱ्याने काही सुटून खाली पडले तर जीव जाईल, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटले. मग काचेला उन्हाची उष्णता परतवणारी फिल्म लावली, फार काळी नव्हे, फिकट. लावताना चांगल्या कारागिराकडून लावून घ्यावी. नको ती फिल्म साध्या काचेला चिकटवली तर काच तापून तडकते. तपकिरी पडदा काढून त्याला बाहेरच्या अंगाने पांढऱ्या कापडाचे अस्तर शिवले. हे वहिनींनी एका सुट्टीत घरच्या मशीनवर केले. तिसरी गोष्ट फुकटची होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत डबे, पातेली, जुनी सायकल असा पसारा रचलेला होता, तो काढला. मुख्य दाराला जाळीचा दरवाजा आधीच होता, पण लाकडी दार कायम लावलेले. ते उघडल्याबरोबर समुद्राकडून आलेला वारा हॉलमधून सरळ पॅसेजमध्ये जायला लागला. मावशी म्हणाली, "हे मला चाळीत माहीत होते. इथे दार उघडे ठेवायची लाज वाटायची."

रात्री दहानंतर खिडकी पूर्ण उघडायची, दुपारी एकला पांढरा पडदा ओढायचा, ही जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली आहे. आम्हाला वाटते, या कामात तिला तिचे घर परत मिळाले.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलचे बिल दोनशे चाळीस युनिटांचे आले. जादू म्हणावी असे काही नाही, पण तीनशेचा उंबरठा ओलांडला नाही. हिशेब करून पाहिला तर खिडकीतून येणारी उष्णता उपसायला ए.सी.ला दिवसाकाठी फार तर एक युनिट लागत असेल. मग सत्तर युनिटे कशी वाचली? खोली तापली नाही म्हणून दुपारचा ए.सी. लावायचीच गरज उरली नाही, पंख्यावर भागले. आता तो रात्री दहानंतर लागतो, तोही २४ वर. थोडे ऊन कमी झाले म्हणून ए.सी.ला थोडे कमी काम, असा हा फायदा नाही; यंत्र सुरूच करावे लागत नाही, हा खरा फायदा.

आमच्या एका मित्राने हे ऐकून टोमणा मारला, "वर्षानुवर्षे काटकसर केली, आता कुठे ए.सी. आला, तर तुम्ही तो बंद करायला सांगता." तसे नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून गरिबी हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीज वापरू नका असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? मावशीने ए.सी.त झोपावे. पण वीज माणसाला गार करण्यासाठी जावी, तापलेल्या काचेशी झुंजण्यात नव्हे.

कार्यालयांची गोष्ट याहून गमतीची. आमचा पुतण्या एका संपूर्ण काचेच्या इमारतीत नोकरी करतो. तिथे दिवसभर ऊन लागते म्हणून पडदे पाडलेले, अंधार होतो म्हणून दिवे लावलेले, दिव्यांनी आणि काचेने तापते म्हणून ए.सी. इतका की तो मे महिन्यात स्वेटर नेतो. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धनाची संहिता २००७ पासून आहे, २०१७ साली सुधारली. तिच्या सोप्या मार्गाने जायचे तर बाहेरच्या भिंतीत काच चाळीस टक्क्यांहून जास्त नको. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्या कक्षेत आणता येतील अशी तरतूद झाली.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे निमित्त वेगळेच आहे. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या विहाराचे नूतनीकरण निघाले आहे. पावती पुस्तके फिरली, कोणी एकावन्न दिले, कोणी अर्धा पगार दिला. सफाई खात्यातल्या बायांनी भिशीचे पैसे दिले. नकाशा आला तो पाहून सगळे खूश. रस्त्याच्या बाजूला तीस फूट लांब, बारा फूट उंच काचेची भिंत, मूर्ती रस्त्यावरून दिसेल अशी. आम्ही एवढेच विचारले, रस्ता कोणत्या दिशेला? पश्चिमेला.

सभेत स्थापत्याचा डिप्लोमा केलेली एक मुलगी होती. तिने फळ्यावर हिशेब मांडला. तीनशे साठ चौरस फूट काच, चारच्या उन्हात पंधरा हजार वॅट. नुसत्या काचेसाठी चार टनांहून जास्त ए.सी., माणसांची उष्णता वेगळी. समितीचे अध्यक्ष रागावले, "म्हणजे विहार अंधारी कोठी करायची काय?" त्यावर मागून एक वृद्ध उपासक म्हणाले, "कार्ल्याला जाऊन या." आमच्याही डोळ्यांसमोर ते चैत्यगृह आले. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेले. एकच मोठे पिंपळपानाच्या आकाराचे गवाक्ष, ते ओसरीच्या मागे, खडकात खोल बसवलेले. त्यातून येणारा उजेड लांब आत स्तूपावर पडतो, आणि दुपारी आत पाऊल टाकले की अंगाला गारवा लागतो. काच नाही, वीज नाही. अर्थात खडक तो खडक, आपली विटांची भिंत ती तशी वागणार नाही, हे त्या मुलीनेच लगेच सांगितले. पण खिडकी खोल घ्यावी, उजेड उत्तरेकडून घ्यावा, पश्चिमेला जाळीची भिंत करून मूर्तीसमोर तेवढी एक उंच फट ठेवावी, यावर दोन तास चर्चा झाली. अध्यक्षांनी नकाशा परत पाठवला आहे. नवा आला की कळवू. जाळीत अशोकचक्र घ्यायचे की पिंपळपान, यावर मात्र दोन तट पडलेले आहेत आणि ते एवढ्यात मिटतील असे दिसत नाही.

ज्यांच्या चाळीचा, वसाहतीचा पुनर्विकास अजून कागदावर आहे त्यांनी नकाशा मांडीवर घेऊन चार प्रश्न जरूर विचारावेत. उत्तर कुठे आहे, कोणत्या खिडकीला बाहेरून सावली आहे, खिडकी किती उघडते, आणि हॉलमधला वारा कुठून बाहेर जाईल. कागदावर रेघ हलवायला काही खर्च येत नाही. आम्ही फिल्म, अस्तर आणि कारागीर यांत जे घातले, ते भावाच्या ए.सी.च्या दोन हप्त्यांएवढे होते.

मावशी या मे महिन्यात हट्टाने गावी गेली, रत्नागिरीकडे, महिनाभर राहणार म्हणून. आठव्या दिवशी परत आली. गावच्या घरावरची कौले काढून पुतण्यांनी पत्रा घातला आहे. म्हणते, "तिथे तर खिडकीची गरजच नाही, वरूनच भाजतेय." पत्र्याविषयी पुढे केव्हातरी लिहू.